फुटक्या इंडिकेटरची कैफियत

29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी म्हणून नोंदली गेली, आणि टॅक्सीसाठी ठरलेली वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर 2023 मध्ये भरताच ही गाडी भाडोत्री वाहन म्हणून मुंबईच्या रस्त्यांवरून कायद्याने निवृत्त झाली. हे वृत्त वर्तमानपत्रांनी यथोचित हळहळीसह छापले आणि जुन्या छायाचित्रांनी सजविले. त्या हळहळीत आपल्या मोटार-दुरुस्तीच्या व्यवसायाशी निगडित असलेली एक बाब मात्र अनुल्लेखित राहिली. टॅक्सी होती तोवर तिच्या सुट्या भागांना गिऱ्हाईक होते, गिऱ्हाईक होते म्हणून ते भाग ओतणारे, घडविणारे आणि साठविणारे लहान कारखानदार होते, आणि त्या सर्वांच्या जिवावर गिरगावातील, दादरच्या हिंदू कॉलनीतील किंवा शिवाजी पार्काच्या आडरस्त्यावरील एखाद्या खासगी पद्मिनीचा मालक निर्धास्त असे. आज त्याच्या गाडीच्या मागच्या पंखावरील इंडिकेटरची काच एखाद्या हातगाडीच्या दांड्याने फुटली, तर ऑपेरा हाऊसच्या दुकानदाराकडून पूर्वीसारखा होकार मिळेलच असे नाही. आणि मिळालाच, तर हाती पडणारी वस्तू अस्सल असेल याची शाश्वती तो दुकानदारही देणार नाही.

अशा वेळी आपले अनेक व्यवसायबंधू सर्वांत सोपा मार्ग पत्करतात. जुना दिवा समूळ उपटून त्याजागी भलत्याच गाडीचा दिवा बसविणे, बसत नसल्यास मडगार्डाचा पत्रा कापणे आणि उरलेली फट एम-सीलने बुजविणे, हा तो मार्ग होय. त्याला दुरुस्ती म्हणण्यास आम्ही तयार नाही. शेठ वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून जी फियाट 1100 बाहेर पडली, तिच्या एका अवताराला मुंबईकरांनी 'डुक्कर फियाट' म्हटले, पुढच्या अवतारांना कंपनीने 'डिलाइट' आणि 1974 पासून 'पद्मिनी' अशी नावे दिली. या गाड्यांचा पत्रा आज कोणी नव्याने ठोकून देणार नाही. दिव्यासाठी तो कापणारा कारागीर पाच मिनिटांच्या सोयीसाठी गाडीचे कायमचे नुकसान करीत असतो.

फुटलेली काच डोळ्यांना दिसते म्हणून सर्व लक्ष तिच्याकडे जाते. वस्तुतः निम्म्याहून अधिक बिघाड तिच्या पाठीमागे, होल्डरच्या बुडाशी दडलेला असतो. या गाड्यांत दिव्याचा परतीचा प्रवाह गाडीच्या अंगातूनच बॅटरीकडे जातो. दिव्याचे बूड आणि मडगार्ड यांच्यामध्ये गंजाचा पापुद्रा चढला, की त्या वाटेवर अडथळा उभा राहतो. आणि समुद्राची खारी हवा बारमाही खाणाऱ्या, शिवाय हिंदमाता किंवा परळ टी. टी. येथील तुंबलेल्या पाण्यातून दर पावसाळ्यात एकदा तरी जाणाऱ्या गाडीवर तो पापुद्रा चढल्यावाचून राहत नाही. इंडिकेटरचा बल्ब 21 वॉटचा, म्हणजे 12 व्होल्टवर त्याचा स्वतःचा रोध सुमारे सात ओहम. तेव्हा या परतीच्या वाटेत, म्हणजे अर्थमध्ये, केवळ एक ओहमचा अडथळा आला तरी बल्बाच्या वाट्याला साडेदहा व्होल्टच उरतात. एवढ्याने काय बिघडते, असे ज्यांना वाटते त्यांनी हे ध्यानी घ्यावे की तारेच्या बल्बाचा प्रकाश दाबाच्या प्रमाणात नव्हे, तर त्याहून कितीतरी अधिक वेगाने घटतो. दाब दहा टक्के उतरला की प्रकाश जवळजवळ तीस टक्के उतरतो. गॅरेजच्या अंधारात असा दिवा लख्ख वाटतो, आणि मे महिन्याच्या दुपारी दोन वाजता लालबागच्या नाक्यावर तो लागला आहे की नाही हे मागच्या माणसाला कळत नाही.

म्हणून नुसत्या टेस्ट लॅम्पवर विसंबू नये. तो पेटला म्हणजे वायरीत वीज आहे एवढेच सिद्ध होते. बल्ब चालू ठेवून मीटरचे एक टोक होल्डरच्या धातूला आणि दुसरे बॅटरीच्या ऋण टोकाला लावावे. काटा एक-दोन दशांश व्होल्टच्या पलीकडे गेला की अर्थ सदोष आहे असे खुशाल समजावे आणि काचेला हात लावण्यापूर्वी पत्रा घासून उघडा करावा, नवे थिंबल आवळावे, वर ग्रीसचा हात द्यावा. इंडिकेटर दिला असता त्याच घरातील टेल लॅम्प मंदपणे लुकलुकू लागतो, हा चमत्कारही याच रोगाचे लक्षण होय: आपली वाट बंद झालेला प्रवाह शेजारच्या तारेतून आडवाटेने घरी जात असतो. या लक्षणावर स्विच बदलणारे, फ्लॅशर बदलणारे आणि अखेरीस सगळे वायरिंगच बदलावे लागेल असे मालकास बजावणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत.

फ्लॅशरचीही बाजू ऐकून घेणे न्याय्य ठरेल. जुन्या फ्लॅशरमध्ये प्रवाहाने तापून वाकणारी पट्टी असते. ती तापली की जोड तुटतो, निवली की पुन्हा जुळतो, आणि या तापण्या-निवण्याचा ताल पुढचा व मागचा मिळून 42 वॉटच्या, म्हणजे सुमारे साडेतीन अँपिअरच्या भारावर बेतलेला असतो. एक बल्ब गेला किंवा अर्थ कच्चा पडला की पट्टी पुरती तापत नाही आणि ताल बहुधा मंदावतो अथवा थांबतो. नव्या इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरमध्ये उलट तो दुप्पट जलद होतो. 'इंडिकेटर फास्ट मारतो' किंवा 'नुसता लागून राहतो' ही मालकाची तक्रार म्हणजे बिचाऱ्या फ्लॅशरने दिलेली खबर असते, आणि आपण खबर देणाऱ्यालाच काढून टाकतो. दोन-तीन वॉटचा एलईडी बसवून जुना फ्लॅशर तसाच ठेवणाऱ्यांविषयी अधिक लिहिण्याचे प्रयोजन नाही.

आता काचेकडे वळू. आपण तिला काच म्हणतो, परंतु ती बहुधा अ‍ॅक्रिलिकची असते, आणि हे आपले भाग्य आहे. कारण अ‍ॅक्रिलिक नुसते चिकटवावे लागत नाही, तर सांधता येते. तुकडे हाती असतील तर ते साबणाच्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, कोरडेच जुळवून पाहावेत; कडा घासण्याचा मोह टाळावा, कारण फुटलेली कड जितकी अस्पर्शित तितका सांधा बेमालूम बसतो. बाहेरच्या अंगाने चिकटपट्टीने तुकडे धरून आतल्या अंगाने सिरिंजच्या सुईने क्लोरोफॉर्मचा थेंब फटीच्या तोंडाशी सोडला, की तो आपल्या आपण फटीत ओढला जातो, दोन्ही कडा क्षणभर विरघळवितो आणि उडून गेल्यावर त्या एकजीव करून ठेवतो. दुकानांच्या पाट्या करणारे कारागीर हे काम नित्य करतात. त्यांच्याकडून शिकण्यात कमीपणा नाही. जेथे कपचीच हरवली आहे तेथे त्याच रंगाच्या टाकाऊ काचेचा चुरा क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून केलेली लुकण थराथराने भरावी आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत तिला हात लावू नये. नंतर 400 पासून 2000 नंबरपर्यंतचा वॉटर पेपर पाण्यासह फिरवून शेवटी रबिंग कंपाउंड द्यावे. फेविक्विकने सांधा धरतो, पण भोवती पांढरा धुरकट डाग पडतो. थिनर आणि अ‍ॅसिटोन यांनी तर अख्ख्या काचेवर केसासारख्या भेगांचे जाळे उठते. नव्या नकली काचा अ‍ॅक्रिलिकच्या असतीलच असे नाही, यास्तव आतल्या कडेवर एक थेंब टाकून परीक्षा घ्यावी. क्लोरोफॉर्मची वाफ विषारी असते. परळ-लालबागच्या पोटमाळ्यावरील गॅरेजात हे काम करणाऱ्याने ते गल्लीत येऊन करावे, शेजाऱ्यांनी कितीही चौकशा केल्या तरी.

काचेच्या आतल्या अंगास ज्या रेषा आणि चौकटी दिसतात त्या शोभेसाठी नसतात. बल्बाचा एका ठिकाणचा प्रकाश त्या आजूबाजूस पसरवितात, आणि म्हणून कडेने येणाऱ्यालाही तो दिसतो; तेथे लुकणीचा थर चढला की दिवा पेटूनही आंधळा होतो. मागचा परावर्तक काळवंडला असेल तर त्यास चंदेरी रंगाचा हात मारण्याची प्रथा आहे. नाइलाज असेल तर तो मारावा, पण व्हॅक्यूमने अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा देणारे कारखाने मुंबईच्या आसपास असता त्याला उत्तम काम म्हणून मिरवू नये. तळाशी असलेले पाणी निघण्याचे छिद्र सिलिकॉनने बंद करणे हा तर अडाणीपणा होय; वरून पाणी येऊ नये म्हणून रबर आहे, आणि आलेच तर जाण्यासाठी छिद्र आहे. स्क्रू रबर दबेपर्यंतच आवळावेत. पुष्कळशा काचा हातगाडीने फुटत नाहीत, आपल्या पेचकसाने फुटतात.

कायद्याचा तपशीलही नजरेआड करून चालणार नाही. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील 102 व्या नियमानुसार इंडिकेटरचा प्रकाश पिवळट नारिंगी आणि त्याचा ताल मिनिटास 60 ते 120 असावयास हवा. काच पांढरी मिळाली म्हणून पांढराच प्रकाश देणे नियमबाह्य आहे. तेथे नारिंगी बल्ब हवा, आणि त्याच्या खुंट्या समोरासमोर नसल्याने साध्या होल्डरात तो ठोकून बसवू नये, होल्डरच बदलावा. पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी 2021 साली आलेल्या व्हिंटेज नोंदणीच्या नियमांनी मूळ स्वरूप राखण्याची अट घातली आहे. 1974 ची पद्मिनीही आता त्या वयास पोचली, तेव्हा कापलेल्या मडगार्डाचा जाब उद्या मालक आपल्यालाच विचारणार.

कोणी म्हणेल, इतका खटाटोप एका दिव्यासाठी कशाला, हात आहेच की! उजवीकडे वळताना तो आहे. परंतु डावीकडे वळण्यासाठी चालकाने उजवा हात खिडकीबाहेर काढून कितीही गोल फिरविला, तरी लालबागच्या पुलाखाली डाव्या बगलेने घुसणाऱ्या मोटारसायकलस्वारास तो दिसण्याचा संभव नाही. त्याच्यापुरता डावा इंडिकेटर हाच एकमेव इशारा होय, आणि पदपथाच्या कडेला उभ्या केलेल्या गाडीचा नेमका तोच अधिक फुटतो.

सबब आमची विनंती दोन बाबतींत आहे. फुटलेल्या काचेचे तुकडे भंगारात घालू नयेत. रंग व गाडी यांची चिठ्ठी लावून ते डब्यात ठेवावेत आणि शेजारच्या गॅरेजवाल्याने मागितल्यास द्यावेत, कारण नवा माल येण्याची आशा आता धरता येत नाही. दुसरी बाब बिलाची. अर्थ घासण्याचे, सांधा धरण्याचे आणि मीटर लावण्याचे पैसे मागण्याचा संकोच वाटतो म्हणून आपण न बदललेल्या भागांची नावे बिलावर चढवितो, आणि मग मालकाची अशी समजूत होते की पैसा मालाला असतो, हाताला नसतो. येत्या महिन्यापासून मजुरी ही मजुरी म्हणूनच लिहावी, तिच्यापुढे काय काम केले ते लिहावे, आणि काढलेला जुना भाग मालकाच्या हाती द्यावा.