गोल्फ महागच का असावा?

गोल्फ म्हटलं की आपल्याला काय आठवतं? पांढरी टोपी, बॅटरीवर चालणारी गाडी, मागे बॅग उचलून चालणारा कॅडी आणि क्लबच्या लॉनवर ठरणारी कोट्यवधींची डील. थोडक्यात, आपल्या पगारात न बसणारं प्रकरण. ऑफिसात कोणी "वीकेंडला गोल्फ खेळलो" म्हणालं की बाकीचे लगेच मनातल्या मनात त्याच्या पॅकेजचा हिशोब मांडायला लागतात :-)

पण जरा विचार करा. विटीदांडूला काय लागतं? विटी, दांडू आणि मोकळी जागा. गोल्फलाही मुळात तेवढंच लागतं. काठ्या सेकंडहँड मिळतात, आणि आपला चेंडू झाडीत हरवला तर शोधताना दुसऱ्याचे दोन सापडतात. महाग आहे ती जागा, आणि तितकीच महाग आहे ती जागा सांभाळण्याची पद्धत.

माझं मत असं की सामान्य माणसाला परवडणारा आणि तरीही स्वतःचा खर्च भागवून चार पैसे उरवणारा गोल्फ कोर्स चालवता येतो. फक्त या दोन गोष्टी एकाच ठिकाणाहून येत नाहीत. नफा येतो आखणीतून, स्वस्ताई येते नियमातून. एकीवर भागवायला गेलं की कोर्स बुडतो तरी, नाहीतर श्रीमंतांचा होतो.

आधी बुडण्याबद्दल. अमेरिकेत सुमारे १६,००० गोल्फ कोर्स आहेत आणि त्यातले साधारण तीन चतुर्थांश कोणालाही पैसे भरून खेळता येतील असे आहेत. १९८८ मध्ये तिथल्या नॅशनल गोल्फ फाउंडेशनने भाकीत केलं की मागणी पुरी करायला रोज एक नवा कोर्स लागेल. मग काय, नव्वदच्या दशकात बिल्डर मंडळी तुटून पडली. त्यातले बरेच कोर्स खेळासाठी नव्हतेच. 'गोल्फ व्ह्यू' म्हणून आजूबाजूचे बंगले चढ्या भावाने विकायला ते होते. बंगले विकले गेले, बिल्डर पुढच्या साइटवर गेला, आणि मागे उरलं एक अवाढव्य क्लबहाऊस, दीडशे एकर हिरवळ आणि तिचं बिल. २००६ पासून पुढची दहा-बारा वर्षं तिथे उघडणाऱ्या कोर्सेसपेक्षा बंद होणारे जास्त होते. २०२० मध्ये कोविडमुळे लोक मोकळ्या हवेच्या शोधात मैदानावर परतले आणि धंदा सावरला. पण गर्दीच्या वर्षांत कोणाचाही धंदा बराच दिसतो.

मग आखणी म्हणजे नेमकं काय?

१८ होलच्या कोर्सला साधारण १२० ते २०० एकर जागा लागते. त्यातली ग्रीन्स, म्हणजे जिथे चेंडू शेवटी हळूच ढकलून खड्ड्यात घालायचा ती गुळगुळीत जागा, सगळी मिळून जेमतेम तीन एकर भरते. तिथलं गवत तीन-चार मिलिमीटरवर ठेवायचं असतं, त्यामुळे हंगामात जवळजवळ रोज कापावं लागतं. हा खर्च टाळता येत नाही आणि टाळूही नये, कारण ग्रीन वाईट असलं तर खेळच वाईट. पण उरलेल्या एकरांचं काय? दर एप्रिलमध्ये टीव्हीवर ऑगस्टाची मास्टर्स स्पर्धा बघायची आणि मग आपल्या गावच्या कोर्सनेही तस्संच हिरवंगार दिसावं म्हणून हट्ट धरायचा, ही खोड लोकांना लागली आहे. स्कॉटलंडमध्ये उन्हाळ्यात गवत पिवळं पडतं, जमीन टणक होते, चेंडू छान पळतो आणि कोणी तक्रार करत नाही. पाणी, खत आणि मजुरी वाचते ती वेगळीच.

दुसरं, १८ होलचा हट्ट सोडा. नऊ होल म्हणजे निम्मी जागा, निम्मी ग्रीन्स आणि जेमतेम दोन तासांचा खेळ. आपल्यासारख्या डेडलाइनवाल्यांना फीपेक्षा वेळच महाग पडतो, हे कोर्सवाल्यांच्या लक्षात कसं येत नाही कोण जाणे! फ्लोरिडात विंटर पार्क नावाचं गाव आहे. तिथल्या नगरपालिकेचा जुना नऊ होलचा कोर्स वस्तीच्या मधोमध आहे. २०१६ मध्ये सुमारे १२ लाख डॉलर खर्चून त्यांनी तो नव्याने घडवला. क्लबहाऊसवर उधळपट्टी नाही, पैसा घातला तो ग्रीन्समध्ये आणि जमिनीच्या चढउतारांत. त्यानंतर तिथे खेळायची वेळ मिळवणं हेच अवघड होऊन बसलं.

तिसरी गोष्ट आपल्या धंद्यातली, रांगेची. समजा दर आठ मिनिटांना चौघांचा एक ग्रुप सोडला, पण तिसऱ्या होलवर एका ग्रुपला दहा मिनिटं लागतात. चार तासांत ३० ग्रुप सुटले, त्या होलवरून पुढे सरकले २४. सहा ग्रुप तुंबले, आणि नंतर येणाऱ्याला तासभर ताटकळत बसणं आलं. मॅनेजर खूश, कारण गल्ल्यात जास्त पैसे आले. पण तो तासभर ताटकळलेला माणूस पुन्हा येत नाही. सर्व्हरवर क्षमतेपेक्षा जास्त लोड टाकला की काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको. उलट मंगळवारी दुपारची रिकामी वेळ ही एसटीच्या रिकाम्या सीटसारखी असते. गाडी सुटली की ती विकता येत नाही. म्हणून शनिवारी सकाळी पूर्ण भाव घ्या आणि मंगळवारी दुपारी शाळेच्या पोरांना चहाच्या पैशात खेळू द्या. तोटा काहीच नाही.

इथवर झाला नफा. पण कोर्स चांगला चालायला लागला की तो स्वस्त राहील कशावरून? टेनेसीतल्या स्वीटन्स कोव्हचं उदाहरण बघा. नऊ होल, क्लबहाऊसच्या जागी एक लहानशी शेड, आणि २०१४ मध्ये अगदी माफक दर. आखणी इतकी सुरेख की लोक लांबून गाड्या हाकत यायला लागले. २०१९ मध्ये नवे गुंतवणूकदार आले, त्यात पेटन मॅनिंगसारखी बडी नावंही होती, आणि पुढे दिवसाचा दर शंभर डॉलरच्या वर गेला. मी त्यांना दोष देत नाही. खाजगी मालकाने गिऱ्हाईक देईल तो भाव का घेऊ नये? पण म्हणूनच स्वस्ताई मालकाच्या मर्जीवर सोडता येत नाही.

ती कशावर सोडायची, हे सेंट अँड्रूजने दाखवलं आहे. जगातलं सर्वात प्रसिद्ध गोल्फ मैदान कोणा अब्जाधीशाच्या मालकीचं असेल असं वाटतं ना? नाही. १८९४ मध्ये ब्रिटिश संसदेच्या कायद्याने ती जमीन नगरपालिकेकडे आली आणि १९७४ पासून एक ट्रस्ट तिचा कारभार बघतो. ओल्ड कोर्सवर बाहेरच्या पाहुण्याला हंगामात एका फेरीचे ३०० पौंडांहून जास्त मोजावे लागतात. गावकऱ्याला काही शे पौंडांत वर्षभराचा पास मिळतो. उरलेला पैसा पुन्हा मैदानांतच जातो. आणि रविवारी, कमाईच्या दिवशी, ओल्ड कोर्स एरवी खेळासाठी बंद असतो. गावातले लोक कुत्री आणि पोरं घेऊन तिथे फिरतात.

आता तुम्ही म्हणाल, "सेंट अँड्रूजला जगभरातून पाहुणे येतात, साध्या गावाला कोण विचारतो?" रास्त प्रश्न आहे. पण साध्या गावाचा खर्चही सेंट अँड्रूजएवढा नसतो. नऊ होल, पिवळं गवत आणि साधी शेड असेल तर पाहुण्यांकडून फार वसूल करावं लागत नाही. शनिवार सकाळवाला मंगळवार दुपारवाल्याचा भार उचलतो, एवढं पुरतं.

आणि आपल्याकडे? दिल्लीत लाडो सरायला दिल्ली विकास प्राधिकरणाचा कुतुब गोल्फ कोर्स आहे. तो देशातला पहिला सार्वजनिक गोल्फ कोर्स म्हणून ओळखला जातो, म्हणजे सरकारी यंत्रणेला हे जमत नाही असं नाही. पण ज्या सोसायटीत मे महिन्यात टँकर येतो तिथल्या माणसाला गोल्फची हिरवळ खुपणारच, आणि ते बरोबरच आहे. म्हणून माझ्या अटी साध्या आहेत. पाणी फक्त सांडपाणी शुद्ध केलेलं. होल नऊ. दर आणि सवलती ठरावात लिहिलेल्या, कमिटी बदलली तरी न बदलणाऱ्या. आठवड्यातला एक दिवस खेळ बंद आणि फाटक सगळ्यांना उघडं.

या अटी ज्याला परवडत नाहीत त्याने खुशाल खाजगी क्लब काढावा, स्वतःच्या जमिनीवर आणि बाजारभावाने. सार्वजनिक जमिनीवर मात्र मला तो कोर्स हवा जिथे रिक्षावाल्याची मुलगीही मंगळवारी दुपारी काठी फिरवू शकेल, आणि तिच्या फीची झळ महापालिकेच्या तिजोरीला लागणार नाही. हे जमत नसेल तर तिथे सरळ बाग करा. निदान तिच्यात सगळे बसतील तरी.