ऋतू हरवलेले बालपण

भारतीय परंपरेने वर्षाची मोजणी केवळ महिन्यांनी केली नाही, ती सहा ऋतूंनी केली. आणि प्रत्येक ऋतूला एक सण, एक खाद्यपदार्थ, एखादे झाड आणि घराबाहेर पडण्याचे एक निमित्त जोडून दिले. वटपौर्णिमेला वडाकडे, नारळी पौर्णिमेला समुद्राकडे, विजयादशमीला सीमोल्लंघनासाठी गावाच्या वेशीकडे आणि कोजागरीला चांदण्यात. पंचांग हे एका अर्थाने कुटुंबाच्या सहलींचे वेळापत्रकच होते. मुलांना निसर्गाची, इतिहासाची आणि समाजाची ओळख करून देण्यासाठी निराळा उपक्रम योजण्याची गरज त्या व्यवस्थेला भासत नसे.

आज मुंबईसारख्या महानगरात वाढणाऱ्या मध्यमवर्गीय मुलाच्या वाट्याला यांपैकी किती ऋतू येतात? शाळेची बस, वर्गाची खोली, शिकवणीची खोली, घरातील वातानुकूलित खोली आणि रविवारी मॉल, असा त्याचा प्रवास एका बंद जागेतून दुसऱ्या बंद जागेत होत असतो. मॉलमध्ये वैशाख नसतो आणि श्रावणही नसतो. बारा महिने तेच तापमान, तोच प्रकाश आणि तेच पदार्थ. आठवडाभर दमलेल्या आई-वडिलांना सावली, स्वच्छतागृह आणि गाडी उभी करण्याची सोय एका ठिकाणी मिळते, म्हणून ते तिकडे वळतात. त्यात त्यांना दोष देण्याचे कारण नाही. मात्र तेथे मुलाची भूमिका एकच असते, ग्राहकाची. काही विकत घेतल्याविना आनंद मिळत नाही, हा धडा ते वयाच्या पाचव्या-सहाव्या वर्षी गिरवू लागते. आणि ज्या शहरात त्याचा जन्म झाला, ते शहर त्याला परकेच राहते.

भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानाचे, म्हणजे जुन्या राणीच्या बागेचे, उदाहरण या संदर्भात विचार करण्यासारखे आहे. २०१७ पासून तेथे हम्बोल्ट पेंग्विन पाहावयास मिळतात. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा हा पक्षी मुंबईत काचेमागे, मुद्दाम थंड केलेल्या दालनात राहतो आणि त्याला पाहण्यासाठी सुट्टीच्या दिवशी मुलांची रीघ लागते. लागावी, नवलाईचे आकर्षण हा बालमनाचा धर्मच आहे. परंतु त्याच परिसरात, १८७२ साली खुल्या झालेल्या आणि आज डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव धारण करणाऱ्या संग्रहालयाच्या शेजारी, एक पाषाणाचा हत्ती उभा आहे. त्याच्यापाशी थांबणारी कुटुंबे विरळा. हा हत्ती मूळचा घारापुरी बेटावरचा. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला 'एलिफंटा' असे नाव दिले. एकोणिसाव्या शतकात तो इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला, त्या खटपटीत तो कोसळून भंगला, त्याचे तुकडे मुंबईत आणले गेले आणि १९१४ मध्ये ते सांधून त्याला पुन्हा उभे करण्यात आले. गावाचे मूळ नाव कसे मागे पडते, वारसा कसा उचलून नेला जातो आणि भंगलेले पुन्हा कसे सांधता येते, हे सारे त्या एका हत्तीपाशी दहा मिनिटांत सांगता येते. फक्त सांगणारे कोणी तरी मुलाचा हात धरून तेथे थांबावयास हवे.

मुंबईत पाहण्यासारखे काही उरले नाही, ही तक्रार म्हणूनच खरी नाही. ऋतूमागून ऋतू घेतले, तर हे शहर एखाद्या ग्रंथासारखे उलगडत जाते.

वर्षा ऋतू घ्या. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी, म्हणजेच कृष्णगिरी, पहिल्या पावसानंतर पाहावी. कातळात कोरलेली शंभराहून अधिक बौद्ध लेणी तेथे आहेत. पण मुलांना आधी दाखवावीत ती लेण्यांजवळची पाण्याची पोढी. डोंगरमाथ्यावरून येणारे पाणी खोदलेल्या पन्हळींतून कसे वळवले आहे आणि पोढीत कसे साठवले आहे, हे पाऊस पडत असतानाच नीट कळते. 'पर्जन्यजल संधारण' हा शब्द पाठ्यपुस्तकात येण्यापूर्वी कित्येक शतके या भूमीतील भिक्षू ते आचरत होते. तेथील शिलालेखांत कल्याण आणि सोपारा येथील दात्यांचे उल्लेख आहेत. ज्या स्थानकांची नावे मुले रोज लोकलच्या फलकांवर वाचतात, ती दोन हजार वर्षांपूर्वीच्या व्यापारी नगरांची आहेत, हे समजले की रोजचा प्रवासही निराळा दिसू लागतो. याच डोंगरांच्या कुशीत १८६० मधील विहार आणि १८७९ मधील तुळशी हे तलाव आहेत. नळाचे पाणी कोठून येते, या प्रश्नाचे उत्तर मुंबईच्या मुलाला ठाऊक असू नये, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

याच दिवसांत ठाणे-पालघरच्या वनवासी भगिनी टाकळा, कुर्डू, शेवळं, फोडशी अशा रानभाज्यांच्या जुड्या घेऊन उपनगरांतील स्थानकांबाहेर बसतात. मुलाला सोबत घेऊन त्यांच्याकडून भाजी घ्यावी, तिचे नाव विचारावे, ती कशी करावी हे त्यांच्याच तोंडून ऐकावे. समरसतेवरील व्याख्यानाने जे साधत नाही, ते कधी कधी अशा पाच मिनिटांच्या संभाषणाने साधते. येथे घासाघीस मात्र करू नये. मुले तेही शिकतात. आणि पावसाळी सहल म्हणजे धबधब्याखाली उतरणे किंवा उधाणाच्या वेळी कठड्यावर बसणे नव्हे, हा विवेक पालकांनी बाळगलाच पाहिजे.

शरदात दिवाळी येते आणि दिवाळीबरोबर किल्ला. मराठी मुलांच्या भावविश्वातील हा अनन्यसाधारण खेळ. माती, दगड, विटा आणि पोती गोळा करावीत, उतारावर आळीव किंवा मोहरी पेरावी, चार दिवसांत कोंब फुटले की डोंगर हिरवा व्हावा. आता तयार साच्यातील किल्ले बाजारात मिळतात आणि अनेक सोसायट्यांत मातीने फरशी खराब होते म्हणून मुलांना किल्ला करू दिला जात नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने 'मराठा लष्करी भूप्रदेश' म्हणून बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, तेव्हा मराठी घराघरांत आनंद झाला. ज्या समाजाला या मानाचा अभिमान वाटतो, त्याने आपल्या इमारतीच्या कोपऱ्यात दहा फूट जागा आणि आठ दिवसांची माती मुलांना देऊ नये, ही विसंगती नव्हे काय? किल्ला करताना वडिलांनी एवढेच विचारावे, पाण्याचे टाके कोठे ठेवणार? दरवाजा समोरून का दिसता कामा नये? हात मातीत असताना मिळालेली उत्तरे विसरली जात नाहीत. आणि दिवाळीनंतरच्या एखाद्या रविवारी लोकलने वसई गाठावी. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्याने जो कोट पोर्तुगीजांकडून जिंकून घेतला, त्याची तटबंदी आजही उभी आहे.

हेमंत आणि शिशिर हे पक्ष्यांचे आणि किनाऱ्याचे ऋतू. थंडी सुरू होताच ठाण्याच्या खाडीत रोहित पक्ष्यांचे थवे उतरू लागतात आणि उन्हाळ्यापर्यंत मुक्काम करतात. २०१५ मध्ये या खाडीच्या एका भागाला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये तिचा समावेश रामसर पाणथळींच्या यादीत झाला. हा गुलाबी सोहळा पाहण्यास परदेशी जावे लागत नाही. तो ऐरोलीला किंवा शिवडीला दिसतो. शिवडीहून निघणाऱ्या, जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूचा अभिमान आणि त्याखालच्या चिखलातील जिवांची काळजी, या दोन्ही गोष्टी एकाच मुलाच्या मनात नांदू शकतात, नांदल्या पाहिजेत.

समुद्राचे गणितही याच दिवसांत शिकवावे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते, हा कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास. आणि तेथून सुमारे सहा तासांनी ओहोटी. मुलाने दिनदर्शिकेवर तिथी पाहावी, गणित मांडावे आणि ओहोटीला गिरगाव किंवा वांद्र्याच्या खडकाळ किनाऱ्यावर जाऊन ते पडताळून पाहावे. तिथी केवळ उपवासासाठी नसते, ती समुद्राचे घड्याळही असते, हे ज्या मुलाने स्वतः अनुभवले, त्याला आपल्या परंपरेविषयी आदर बाळगण्याचा उपदेश करावा लागत नाही.

वसंत-ग्रीष्मात बहावा आणि पांगारा फुललेले रस्ते आहेत, राणीच्या बागेतील प्रचंड खोडांच्या गोरखचिंचा आहेत, आणि सुट्टीत आजी-आजोबांसह बाणगंगेच्या पायऱ्यांवर घालवलेली एखादी सकाळ आहे. यादी वाढवण्याची आवश्यकता नाही. प्रत्येक कुटुंबाने ती आपापल्या विभागापुरती करावी.

यावर दोन आक्षेप हमखास घेतले जातात. पहिला वेळेचा. मुंबईकराला एकच रविवार मिळतो आणि त्यावरही मेगाब्लॉकचे सावट असते. आक्षेप खरा आहे. पण येथे दर रविवारची अपेक्षा नाहीच. ऋतूला एक, म्हणजे वर्षाला सहा दिवस. दुसरा आक्षेप बहुधा उच्चारला जात नाही, तो घरातील स्त्रीचा असतो. सहल म्हटली की पहाटे उठून डबे करायचे तिनेच, पिशव्या भरायच्या तिनेच आणि परतल्यावर ओट्यापाशी उभे राहायचेही तिनेच. अशी सहल घराची होत नाही. ती इतरांची सहल आणि तिची वेठ ठरते. थालीपिठे थापण्यापासून चिखलाचे बूट धुण्यापर्यंतची कामे वडिलांनी आणि मुलांनी वाटून घेतली, तरच त्या दिवसाला कौटुंबिक म्हणता येईल.

अखेरचा मुद्दा थोडा कटू आहे. राष्ट्रीय विचारांच्या कुटुंबांतही मुलांना उन्हाळी संस्कार वर्गात घातले की कर्तव्य पार पडले, अशी समजूत दृढ होत चालली आहे. वर्ग उपयुक्त आहेत, ते चालवणारे कार्यकर्ते निरपेक्ष वृत्तीने श्रमतात. पण वर्ग घराला पूरक असतो, घराचा पर्याय होऊ शकत नाही. बैठका, प्रवास आणि कार्यक्रम यांत वर्षाचे सगळे रविवार देणाऱ्या कार्यकर्त्याने, त्यांतील सहा आपल्या मुलांचेही आहेत, हे लक्षात ठेवावे. संघाच्या शताब्दीच्या निमित्ताने झालेल्या पंच परिवर्तनाच्या आवाहनात कुटुंब प्रबोधन आणि पर्यावरण हे दोन्ही विषय आहेत. त्यांचा प्रारंभ सभागृहात होईलच असे नाही. तो कान्हेरीच्या पायऱ्यांवर, भिजलेल्या मुलाचे डोके पुसतानाही होऊ शकतो.

मातृभूमीवर प्रेम करा, असे मुलांना सांगितले जाते. परंतु जिची माती हाताला लागली नाही, जिच्या झाडांची नावे ठाऊक नाहीत, जिच्या समुद्राची भरती कधी येते हे माहीत नाही, तिच्यावर प्रेम करायचे म्हणजे नेमके कशावर? प्रेमाआधी परिचय असावा लागतो. तो करून देण्याचे वय फार थोडे असते. बारा-चौदा वर्षांनंतर मूल आई-वडिलांबरोबर बाहेर पडण्यास फारसे उत्सुक राहत नाही. हातात असलेली वर्षे मोजकी आहेत आणि ऋतू कोणासाठी थांबत नाहीत. येणारा ऋतू कोणताही असो, त्याच्या स्वागतासाठी मुलांसह घराबाहेर पडावे, हेच इष्ट.