मायन्याखालची वंशावळ

कुलवृत्तांत हा मराठीतला चांगला रुळलेला ग्रंथप्रकार. वाङ्मयेतिहासकारांनी मात्र त्याची फारशी दखल घेतलेली नाही. विसाव्या शतकात अनेक ब्राह्मण कुळांनी आपापले वृत्तांत छापून घेतले. पलटणीत माणसे धाडणाऱ्या बहुतेक शेतकरी आणि महार घरांच्या वाट्याला असा ग्रंथ आला नाही. मेसोपोटेमियात कुत-अल-अमारा येथे २९ एप्रिल १९१६ रोजी जे सैन्य शरण गेले, त्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. १११ महार ही पलटण १९१७ मध्ये उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडलीही. बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. शिपायांचे केवळ आकडे. अशा घरातला पणतू आज पूर्वज शोधू लागला, तर ट्रंकेच्या तळाशी राहिलेले एखादे पत्र हाच त्याचा कुलवृत्तांत.

परंतु असे पत्र वाचायचे कसे, हे आपल्याला सरकारी तपासनिसांनी शिकवले आहे, आणि ते शिक्षण आमच्या मते घातक आहे. फ्रान्समधील हिंदी सैनिकांचे टपाल बूलोन्य येथे तपासले जाई. सैनिकांचे मनोधैर्य अजमावणे हा हेतू. म्हणून मजकुरातले 'महत्त्वाचे' तेवढे इंग्रजीत उतरवले जाई. आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत ते हे उतारे. मूळ पत्रे, रोखलेली वगळता, पुढे गावी गेली. डेव्हिड ओमिसी यांचा १९९९ चा मोलाचा संग्रह याच साठ्यातून सिद्ध झाला. त्यातून लढाई, थंडी, गोऱ्या लोकांची घरेदारे यांविषयी पुष्कळ कळते. वंशावळीला त्याचा उपयोग थोडा.

आपल्याकडील संपादकही घरगुती पत्रे छापताना मायना आणि नमस्कार गाळतात. तोचतोचपणा, दुसरे काय! शिवाय ते शब्द बहुधा सैनिकाचे नसतातच. लिहिता येणाऱ्या सोबत्याने साच्यातून काढलेले असतात. हे खरेच. म्हणून ज्यांना पणजोबांचा 'आवाज' ऐकायचा आहे त्यांनी जरा सबुरीने घ्यावे.

वंशशोधकाचे घबाड मात्र त्या साच्यातच असते. थोरल्या चुलत्यास साष्टांग नमस्कार, धाकट्यास आशीर्वाद: एवढ्यावरून घरातला वडीलकीचा क्रम लागतो. एका पत्रात दंडवत मिळालेली आत्या पुढच्या सगळ्या पत्रांतून नाहीशी झाली, तर तिच्या मृत्यूचा किंवा घर सोडण्याचा काळ अदमासता येतो. गहाण जमिनीची चौकशी असेल, तर गावच्या फेरफाराच्या नोंदींत शिरण्याची वाट मिळते. तेव्हा पत्र मोडीत असल्यास लिप्यंतर करणाऱ्याला बजावून सांगावे, की नमस्कारांतले एकही नाव गाळू नका.

पणजीचे नाव तेवढ्यानेही हाती लागेलच असे नाही. 'घरी मंडळी खुशाल असतील' या वाक्यातल्या मंडळींत ती कुठेतरी असते.