शुक्र कोणी करायचा?

"जान बची, शुकर करो." कोणाच्या घरावर संकट कोसळले की भेटायला गेलेली माणसे हे वाक्य हमखास बोलतात. बोलणाऱ्याची नियत वाईट नसते. काय बोलावे ते सुचत नाही, म्हणून दीनदारीचे एक वाक्य पुढे केले जाते, चहा पिऊन होतो आणि माणूस उठतो. ज्याला ते ऐकवले तो मान हलवतो, "अल्हम्दुलिल्लाह" म्हणतो. त्याच्या मनात त्या वेळी काय चालले आहे हे विचारायला सहसा कोणी थांबत नाही.

ईदुल अज्हा तोंडावर आली आहे. अल्लाहच्या नेमती आठवण्याचे, तकबीर म्हणण्याचे हे दिवस. सातारा-सांगलीकडच्या आपल्या लोकांनी मात्र ईद आणि आफत एकाच आठवड्यात दारात उभी राहिलेली दोनदा पाहिली आहे. म्हणून या महिन्यात शुक्राविषयी बोलायचे ते त्या दोन ईदांच्या आधाराने बोलू.

२०१९ ची ईद १२ ऑगस्टला, सोमवारी होती. त्याआधी कित्येक दिवस घाटमाथ्यावर पाऊस हटला नव्हता. आमची नोकरी साताऱ्यात आणि अर्धे नातेवाईक सांगली-मिरजेत, त्यामुळे या नदीचा हिशेब आम्हाला दोन्ही बाजूंनी ठाऊक. कृष्णा महाबळेश्वरची, कोयनाही तिथलीच. दोघी कराडला प्रीतिसंगमावर भेटतात आणि पुढे सांगलीजवळ हरिपूरला वारणा येऊन मिळते. साताऱ्यात आम्ही छत्री झटकून घरात येतो तेव्हा ते पाणी सांगलीच्या वाटेला लागलेले असते. सांगलीकर नदीची उंची मोजतात ती आयर्विन पुलापाशी. पूल १९२९ चा. तिथे ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले.

२००५ सालचा महापूर लोकांच्या लक्षात होता. कित्येक घरांत भिंतीवर त्या पाण्याची खूण होती. लोकांनी सामान त्या खुणेच्या वर उचलून ठेवले, माळ्यावर टाकले, आणि निर्धास्त झाले. पाणी खुणेच्याही वर आले. मारुती चौक, हरभट रोड, गणपती पेठ, स्टेशन चौक, सगळीकडे बोटी फिरत होत्या. ईदच्या चार दिवस आधी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि बायका-मुलांसह गावातली माणसे गेली.

अशात ईद आली. ज्यांनी बकरे घेऊन ठेवले होते त्यांतल्या कोणाचे वाहून गेले, कोणाला ते वाटेतच सोडून जीव वाचवावा लागला. नवे कपडे पाण्यात, शेवया पाण्यात. कोल्हापूर-सांगलीच्या मुस्लिम समाजाने ठिकठिकाणी ठरवले की ईद साधेपणाने करायची आणि पैसा पूरग्रस्तांकडे वळवायचा. मशिदी-मदरशांत चुली पेटल्या आणि जेवणाऱ्याला कोणी जात विचारली नाही.

तेव्हा घरोघरी एक वादही झाला, तो इथे सांगायला हवा, कारण असा प्रसंग पुन्हा येऊ शकतो. कुर्बानीच रद्द करून सगळे पैसे मदतीला द्यावेत का? हनफी मसलकात साहिबे-निसाबवर कुर्बानी वाजिब आहे आणि बहुतेक उलेमांच्या मते वाजिब कुर्बानीची जागा रोख रक्कम घेऊ शकत नाही. पण आपल्याकडे एका घरात एकच कुर्बानी होते असे थोडेच आहे? वाजिब झाली की मरहूम अब्बांच्या नावाची, दादीच्या नावाची, आणि खरे सांगायचे तर कधी कधी शेजाऱ्याने दोन केल्या म्हणून आपली तिसरी. या नफ्ल कुर्बान्यांचा पैसा आफतीत सापडलेल्यांना देण्यात अडचण कसली? वाजिब ती करावी आणि बाकीचा हात मोकळा सोडावा, हे त्या वेळी बऱ्याच जाणत्या मंडळींनी सांगितले आणि आम्हाला ते पटले. तुमच्या घरचा मसला तुमच्या आलिमसाहेबांना विचारूनच ठरवा.

या संदर्भात एक हदीस आम्ही दरवर्षी वर्गात सांगतो. एका वर्षी रसूलुल्लाह (स.) यांनी हुकूम केला की कुर्बानीचे मांस तीन दिवसांच्या पुढे कोणी घरात ठेवू नये. पुढच्या वर्षी लोकांनी विचारले, यंदाही तसेच करायचे का? तेव्हा त्यांनी खुलासा केला की मागच्या वर्षी लोक हालात होते, त्यांना तुमच्याकडून मदत व्हावी म्हणून तसे सांगितले होते. आता खा, खाऊ घाला, साठवूनही ठेवा. म्हणजे ईद तीच आणि कुर्बानीही तीच, पण आसपास माणसे उपाशी आहेत असे दिसताच साठवणे बंद. आपल्या घरातले डीप फ्रीझर पाहिले की आम्हाला ही हदीस आठवते. मोहरमपर्यंत पुरेल इतके मांस भरून ठेवलेल्या घरात "अल्लाहचा शुक्र आहे" हे वाक्य फार सहज म्हटले जाते.

पूर ओसरल्यावर आम्ही सांगलीला गेलो. नात्यातल्या एका खालांचे घर पुरात गेले होते. भिंती उभ्या होत्या, पण आत गुडघाभर गाळ, फुगून फुटलेली कपाटे आणि नाकात बसणारा वास. आमच्याबरोबर आलेल्या एका वडीलधाऱ्यांनी दारातच ते ठरलेले वाक्य उच्चारले. खालांनी पदर खोचला होता, हातात फावडे होते. त्या म्हणाल्या, "शुकर तो मैं करूंगी भाईजान, पैले ये चिखल तो निकालो." वडीलधाऱ्यांना ते थोडे लागले. आम्हाला मात्र वाटले की इतकी दीनची गोष्ट त्या दिवशी त्या गल्लीत दुसऱ्या कोणी बोलले नसेल.

शुक्र हा आधी वाचलेल्या माणसाचा फर्ज आहे. बुडालेल्यासाठी सब्र आहे, आणि तोही त्याने आपला आपण करायचा. बाहेरून येऊन कोणी त्याच्याकडून तो वसूल करायचा नसतो. मदिन्यात दुष्काळ पडला होता तेव्हाची गोष्ट पाहा. जुम्याच्या खुत्ब्यात एक माणूस उठला आणि पावसासाठी दुआ मागा म्हणाला. दुआ झाली आणि आठवडाभर पाऊस कोसळत राहिला. पुढच्या जुम्याला पुन्हा तक्रार आली की घरे पडताहेत, जनावरे बुडताहेत, आता पाऊस थांबावा म्हणून दुआ करा. रसूलुल्लाह (स.) यांनी त्याला असे सुनावले नाही की पाऊस तूच मागितला होतास, आता शुक्र कर. त्यांनी पुन्हा हात उचलले आणि पाऊस आमच्यावर न पडता आजूबाजूला, टेकड्यांवर, झाडाझुडपांवर पडावा अशी दुआ केली. त्यांचा लहानगा मुलगा इब्राहीम वारला तेव्हा त्यांचे डोळे वाहत होते, आणि एका सहाबींना त्याचे नवल वाटले तर ते अश्रू रहमत असल्याचे त्यांनी सांगितले. रडणाऱ्याला नाशुक्रा ठरवण्याची घाई आपल्यालाच असते.

मग वाचलेल्याने शुक्र करायचा म्हणजे काय करायचे? नुसती जीभ हलवायची? सूरह सबामध्ये हजरत दाऊद (अ.) यांच्या घराण्याला दिलेली आज्ञा वाचून पाहा. तिथे शुक्र म्हणून काम करायला सांगितले आहे, अमल करायला. त्या ऑगस्टमध्ये साताऱ्यात आमच्या घरात एक थेंबही शिरला नव्हता. त्याचा शुक्र म्हणजे सांगलीत जाऊन फावडे हाती घेणे, एवढा सरळ हिशेब.

हा हिशेब सगळ्यांनी नीट केला असेही नाही. मदतीच्या गाड्या चारी दिशांनी आल्या, त्यांचे मोल आहेच. पण त्यांतून जुन्या कपड्यांचे असे ढीग उतरले की ते कोणी अंगाला लावेना. फाटके, बटणे तुटलेले, मळके. रस्त्याकडेला गाळाबरोबर तेही कुजत पडले आणि उचलायचे काम वाढले. सूरह बकरामध्ये या सवयीवर स्पष्ट बोट ठेवले आहे: जी वस्तू तुम्हाला कोणी दिली तर डोळे मिटल्याशिवाय घेणार नाही, ती अल्लाहच्या वाटेत देऊ नका. घर आवरायला निमित्त मिळाले म्हणून दिलेला तो सदका नव्हे. त्या दिवसांत सांगलीत खरी गरज होती ती खराटे, फिनेल, बादल्या, नव्या चटया, बायकांची अंतर्वस्त्रे, सॅनिटरी पॅड आणि मुलांच्या वह्यांची. शाळा उघडल्या तेव्हा वर्गात मुले होती आणि दप्तरे नव्हती, हे आम्हा शिक्षकांना कोणी सांगावे लागत नाही.

आणखी एक राहून जाते. जो माणसांचे आभार मानत नाही तो अल्लाहचाही शुक्र करत नाही, या अर्थाची हदीस आपण पाठ करतो. सांगलीत पुरातून बाहेर काढणाऱ्या जवानांच्या पाया पडणाऱ्या एका बाईची चित्रफीत त्या वेळी देशभर फिरली. आपली रीत वेगळी, पण त्या बाईच्या वाकण्यात जे होते ते ओळखायला रीत आड येत नाही. बाहेरच्या महापालिकांचे सफाई कामगार येऊन त्या शहराचा गाळ उपसत होते, त्यांना आपल्यापैकी किती जणांनी पाणी विचारले? विजेच्या खांबावर चढलेल्या वायरमनला?

दुसरी ईद २०२१ ची, २१ जुलै, बुधवार. करोनाचे निर्बंध होते, नमाज घरातच झाली. दुसऱ्याच रात्री पाटण तालुक्यात डोंगर खचले. आंबेघर, मिरगाव, ढोकावळे. झोपेतली माणसे मातीखाली गेली. या वेळी पाळी साताऱ्याची होती, आणि मागोमाग सांगलीचे पाणी पुन्हा ५० फुटांच्या वर चढले. अय्यामे-तशरीक चालू होते. प्रत्येक फर्ज नमाजीनंतर घरात मोठ्याने तकबीर म्हणायची आणि लगेच बातम्या लावायच्या, असे ते दिवस गेले. घरात मांस होते, रस्ते बंद होते. ज्यांना पोहोचवायचे तिथे पोहोचता येत नव्हते, म्हणून ज्यांच्यापर्यंत हात पोहोचला त्यांना दिले.

शेजारच्या जिल्ह्यातले एक उदाहरणही इथे यायला हवे. २०२० च्या मे महिन्यात, टाळेबंदीतल्या ईदुल फित्रला, इचलकरंजीच्या मुस्लिम समाजाने ईदचा खर्च आखडून ३६ लाख रुपये जमवले आणि तिथल्या आयजीएम रुग्णालयात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग उभा केला. त्या खाटांवर पुढे कोण झोपले याची यादी कोणी धर्मावरून ठेवली नसणार.

आता यंदाचे. चांद्र वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान असते, त्यामुळे ईदुल अज्हा ऑगस्टातून जुलैत, जुलैतून जूनमध्ये आणि आता मेकडे सरकली आहे. पुराच्या दिवसांतून ती निघाली आणि टंचाईच्या दिवसांत शिरली. आपल्या दोन जिल्ह्यांचे हे दुसरे तोंड. पश्चिमेला कोयना आणि पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ. २०१९ मध्ये सांगली बुडाली होती तेव्हाही जत-आटपाडीकडे टँकर चालू होते. एकाच जिल्ह्यात एकाला पाणी नको होते आणि दुसऱ्याला मिळत नव्हते. साताऱ्यात आम्हाला कासचे पाणी नळाला येते. ईदच्या सकाळी घरातली सगळी माणसे गुसल करतात, अंगण धुतले जाते, आणि कोणाच्या मनात येत नाही की माणमध्ये हेच पाणी दोन दिवस पुरवले जाईल.

हजरत सअद बिन उबादा (रजि.) यांची आई वारली तेव्हा त्यांनी विचारले होते, तिच्या नावाने कोणता सदका उत्तम? उत्तर मिळाले, पाणी. त्यांनी विहीर खोदून ती आईच्या नावे केली. आमच्या घरात दरवर्षी एक नफ्ल कुर्बानी मरहूम अम्मींच्या नावाने होते. यंदा ती रक्कम जतकडच्या एका वस्तीसाठी काढून ठेवली आहे. तिथे टँकर येतो, पण पाणी साठवायला काही नाही, बायका कळशा-घागरींत मिळेल तेवढेच भरून घेतात. पाच हजार लिटरची काळी टाकी, खाली सिमेंटचा ओटा आणि चार नळ, असे ठरले आहे. भावाने आणि बहिणीने आपापला वाटा घातला. टाकी मशिदीपाशी ठेवायची की शाळेपाशी, यावर वस्तीत अजून बोलणी चालू आहेत. आम्ही शाळेपाशी म्हटले आहे, कारण तिथे सगळ्यांच्याच बायका मुलांना सोडायला येतात. ईदच्या आत ठरले तर ओटा वाळायला आठ दिवस मिळतील.