महान सिनेमा ठरवतं कोण?



'सर्वश्रेष्ठ मराठी सिनेमे' म्हटलं की 'संत तुकाराम' (1936) येतो, राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवणारा 'श्यामची आई' (1953) येतो. येऊ द्या. पण आम्ही 'फँड्री' (2013) म्हटलं की लगेच ऐकवतात, 'कलेत जात आणू नका.' श्यामच्या घराला जात नव्हती काय? होती. वरची होती, म्हणून ती कुणाला खुपत नाही. 'फँड्री'त बांबूला बांधलेलं डुक्कर बाबासाहेब-सावित्रीमाईंच्या चित्रांसमोरून जातं. जब्याचा दगड थेट प्रेक्षकावर येतो. बारामती-इंदापूरच्या उसाच्या पट्ट्यातल्या वस्त्यांना तो दगड ओळखीचा आहे. ज्यांना तो लागला, तेच परीक्षक कसे? विहाराविहारात सिनेमा दाखवा, वाद घाला. आपली यादी आपणच करू.