कलावंताची दिलदारी आणि कामगाराचा हक्क

मोठा कलावंत पडद्यामागे कसा वागतो, हा लोकांच्या कुतूहलाचा कायमचा विषय आहे. अमुक गायिका साथीदारांना घरच्यासारखे वागविते, तमुक गायक ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्या पोरावर चारचौघांत खेकसतो, कोणी चाहत्यांना सह्या देत तासन्‌तास उभा राहतो, तर कोणी काळ्या काचांच्या मोटारीतून मागल्या दाराने निघून जातो, अशा कहाण्या चवीने सांगितल्या जातात आणि त्यांवरून थोर-क्षुद्र असा निवाडाही होऊन जातो. निवाडा करणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. ज्याच्या स्वरांनी मन हलविले तो माणूस म्हणूनही चांगला असावा, ही अपेक्षा स्वाभाविकच म्हणावयास हवी. परंतु या साऱ्या चर्चेत मूळ प्रश्न बाजूला पडतो. ज्यांच्या श्रमावर हा सोहळा उभा राहतो आणि ज्यांच्या पैशावर तो चालतो, त्यांची भाकरी, त्यांची झोप आणि त्यांचा जीव एका व्यक्तीच्या स्वभावावर अवलंबून का असावा?

अलीकडच्या काळातील सर्वांत गाजलेल्या औदार्यापासूनच सुरुवात करावी. अमेरिकेतील गायिका टेलर स्विफ्ट यांचा ‘इराज टूर’ हा दौरा मार्च २०२३ मध्ये ॲरिझोना राज्यातील ग्लेंडेल येथे सुरू झाला आणि ८ डिसेंबर २०२४ रोजी कॅनडातील व्हँकूव्हर येथे संपला. १४९ कार्यक्रम झाले. तिकिटांची विक्री २०० कोटी डॉलरांच्या पुढे गेली. या दौऱ्यात सामान वाहणाऱ्या ट्रकचालकांना ऑगस्ट २०२३ मध्ये प्रत्येकी एक लाख डॉलर देण्यात आले. वाहतूक कंपनीच्या प्रमुखानेच सांगितल्याप्रमाणे अशा दौऱ्यांत चालकाला एरवी पाच ते दहा हजार डॉलर मिळतात. दौरा संपला तेव्हा ट्रकचालक, सुतार, आचारी, ध्वनी-प्रकाशाचे तंत्रज्ञ, वेशभूषा सांभाळणारे, सुरक्षारक्षक, नर्तक आणि वादक या सर्वांना मिळून दिलेली रक्कम १९.७ कोटी डॉलर असल्याचे जाहीर झाले. रात्रभर गाडी हाकून दिवसा झोपणाऱ्या आणि आठवडेच्या आठवडे घर न पाहणाऱ्या चालकाच्या हाती एवढी रक्कम पडली, याचा आनंद कोणाही कामगार कार्यकर्त्याला व्हावयास हवा. त्यात नाक मुरडण्यासारखे काही नाही.

पण आनंद मानूनही विचार थांबत नाही. ही रक्कम कोणत्या करारान्वये मिळाली? पुढल्या दौऱ्यात, दुसऱ्या एखाद्या गायकाकडे, ती मागण्याचा अधिकार त्या चालकाला आहे काय? उत्तर सरळ आहे. जे मालकाच्या खुशीने येते ते मालकाच्या नाखुशीने जाते.

हा धडा मुंबईच्या गिरणी कामगाराने शंभर वर्षांपूर्वी फार महाग किंमत देऊन घेतला. पहिल्या महायुद्धाच्या तेजीत गिरण्यांनी अमाप नफा कमावला आणि काही वर्षे कामगारांना बोनस दिला. १९२३ सालचा बोनस मात्र मालकांनी नाकारला. १९२४ च्या प्रारंभी लाखाहून अधिक कामगार संपावर गेले. सरन्यायाधीश मॅक्लाउड यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने निष्कर्ष काढला, की बोनसवर कामगारांचा रूढीने, कायद्याने वा न्यायाने कोणताही हक्क पोहोचत नाही. ती मालकांनी दिलेली देणगी होती. संप मोडला. त्यानंतर संघटना, लवाद आणि न्यायालये यांच्या पायऱ्या झिजवीत ‘बोनस म्हणजे बक्षिसी नव्हे’ हे तत्त्व मान्य करवून घेण्यास चार दशके लागली आणि १९६५ साली बोनसचा कायदा झाला. जगातील सर्वांत श्रीमंत रंगमंचावरील कामगार, त्याच्या हाती आलेली रक्कम कितीही डोळे दिपविणारी असो, या बाबतीत आजही १९२३ सालच्या गिरणी कामगाराच्याच जागी उभा आहे.

याच दौऱ्यातील दुसरी घटना अधिक वेदनादायक आहे. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी ब्राझीलमधील रिओ द जानेरो येथे कार्यक्रम होता. उष्णतेची लाट होती. दमट हवेमुळे अंगाला जाणवणारे तापमान ५९ अंशांच्या घरात गेले होते. प्रेक्षकांना स्वतःचे पाणी आत नेण्यास मनाई होती. तेवीस वर्षांची एक विद्यार्थिनी कार्यक्रमात कोसळली आणि मरण पावली. वैद्यकीय तपासणीत मृत्यूचे कारण उष्माघाताचेच निघाले. त्या रात्री गायिकेने गाणे थांबवून लोकांना पाणी देण्यास मंचावरून सांगितले होते, हे खरे आहे. पुढचा कार्यक्रम तिने पुढे ढकलला, हेही खरे आहे. परंतु हजारोंच्या गर्दीत मंचावरून किती जणांचे ओठ सुकलेले दिसणार? पाण्याची बाटली आत नेऊ देण्याचा आदेश ब्राझीलच्या न्यायमंत्र्यांनी काढला तो दुसऱ्या दिवशी. तो आधी असता, तर कोणाच्या दयाळूपणाची वाट पाहावी लागली नसती.

कोणी म्हणेल, की कलावंत संवेदनशील असला तर पुष्कळ अनर्थ टळतात. काही टळतात, यात शंका नाही. ५ नोव्हेंबर २०२१ रोजी अमेरिकेतील ह्यूस्टन येथे ट्रॅव्हिस स्कॉट या गायकाच्या महोत्सवात गर्दीत चेंगरून दहा जण गेले. त्यांतील सर्वांत लहान मूल नऊ वर्षांचे होते. अधिकाऱ्यांनी आपत्ती जाहीर केल्यानंतरही अर्ध्या तासाहून अधिक काळ गाणे चालूच राहिले. जून २०२३ मध्ये तेथील ग्रँड ज्युरीने गायकासह कोणावरही फौजदारी आरोप ठेवण्यास नकार दिला. तेव्हा कलावंताच्या बेपर्वाईचा जाब विचारला पाहिजेच. परंतु ज्या वाद्यवृंदाच्या मनात आपल्या माणसांविषयी आस्था आहे त्याची तरी कथा काय?

१६ जून २०१२ रोजी कॅनडातील टोरांटो येथे रेडिओहेड या ब्रिटिश वाद्यवृंदाचा कार्यक्रम होता. दरवाजे उघडण्यास तासभर असताना मंचावरचे छप्पर कोसळले आणि तालवाद्यांची देखभाल करणारा तेहतीस वर्षांचा तंत्रज्ञ जागीच ठार झाला. प्रेक्षक आत असते तर काय झाले असते, याची कल्पनाच केलेली बरी. २०१३ मध्ये कार्यक्रम भरविणारी कंपनी, मंच उभारणारी कंपनी आणि एक अभियंता यांच्यावर आरोप ठेवण्यात आले. खटला रेंगाळला. न्यायाधीशांची वरच्या न्यायालयात नेमणूक झाली म्हणून तो नव्याने चालवावा असे ठरले, आणि २०१७ मध्ये विलंब फार झाला या कारणाने तो बंदच करण्यात आला. वाद्यवृंदातील कलावंतांनी आपल्या सहकाऱ्याचा विसर पडू दिला नाही. २०१८ मध्ये ते त्याच शहरात पुन्हा आले, तेव्हा भर कार्यक्रमात त्यांनी जबाबदारांना जाब विचारला गेला नसल्याचे सांगितले. २०१९ मध्ये मृत्यूची चौकशी होऊन शिफारशी झाल्या, पण शिक्षा कोणालाच झाली नाही. येथे कलावंतांच्या ठायी जिव्हाळा होता, कीर्ती होती, पैसाही होता. नव्हती ती कामगाराच्या जिवाची किंमत वेळेवर वसूल करणारी व्यवस्था.

व्यवस्था बदलली की काय होते, याचेही उदाहरण आहे. ३ डिसेंबर १९७९ रोजी अमेरिकेतील सिनसिनाटी येथे ‘द हू’ या वाद्यवृंदाच्या कार्यक्रमास जागा क्रमांकाविना विकण्यात आल्या होत्या. जो आधी शिरेल त्याला पुढची जागा मिळणार. बाहेर थंडीत हजारो तरुण तिष्ठत होते आणि उघडली होती ती मोजकीच दारे. अकरा जण चेंगरून मेले. आत कार्यक्रम झाला. वाद्यवृंदाला ही बातमी कार्यक्रम संपल्यावर सांगण्यात आली. त्याच महिन्यात त्या शहराने क्रमांकाविना आसने विकण्यास बंदी केली आणि ती पंचवीस वर्षे टिकली. कलावंतांचा स्वभाव त्या महिन्यात बदलला नव्हता. बदलला तो नियम.

हा प्रश्न केवळ परदेशचा नाही. १० सप्टेंबर २०२३ रोजी चेन्नई येथे ए. आर. रहमान यांच्या कार्यक्रमात तिकीट हाती असूनही अनेकांना आत जाता आले नाही आणि गर्दीत स्त्रियांना त्रास झाल्याच्या तक्रारी झाल्या. संयोजकांनी चूक कबूल केली. रहमान यांनी दोष स्वतःच्या शिरावर घेऊन लोकांना तिकिटाची प्रत पाठविण्यास सांगितले. हा सज्जनपणा खराच. पण तिकीट घेतलेल्या माणसाला नुकसानभरपाई मिळणे हा त्याचा हक्क आहे, संगीतकाराचा उपकार नव्हे. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत ‘कोल्डप्ले’ या ब्रिटिश वाद्यवृंदाचे कार्यक्रम झाले. त्यांची तिकिटे आदल्या सप्टेंबरमध्ये विक्रीस निघाली, तेव्हा अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंतच्या तिकिटांचा काळाबाजार लाखांवर गेला. याविरुद्धची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली. नियम करणे हे विधिमंडळाचे आणि शासनाचे काम, असा त्या निर्णयाचा आशय होता. म्हणजे चेंडू लोकप्रतिनिधींच्या अंगणात आला. तो तेथून किती सरकला, हे प्रत्येक मतदाराने आपल्या आमदाराला विचारावे.

मग कलावंताची जबाबदारी काहीच नाही काय? आहे, आणि ती मोठी आहे. व्हॅन हेलन या अमेरिकन वाद्यवृंदाच्या १९८२ च्या करारात एक विचित्र कलम होते. कलावंतांच्या खोलीत ठेवावयाच्या रंगीत चॉकलेट-गोळ्यांतून तपकिरी रंगाच्या गोळ्या वेचून काढलेल्या असाव्यात. लोक याला लहरीपणाचा कळस समजून हसले. पुढे त्यांचा गायक डेव्हिड ली रॉथ याने आत्मचरित्रात खुलासा केला. मंचाचे वजन, विजेचा भार यांविषयीची तांत्रिक कलमे संयोजकाने वाचली आहेत की नाहीत, हे पाहण्याची ती खूण होती. तपकिरी गोळी दिसली, की सगळी उभारणी पुन्हा तपासावयाची. एका गावी वजनाची अट न वाचल्यामुळे मंच जमिनीत रुतल्याचेही त्याने लिहिले आहे.

या गोष्टीतून एक सत्य हाती लागते. नामवंत कलावंताने करारात लिहिलेले कलम संयोजक गोळ्या वेचून पाळतो. ज्याच्या शब्दाला एवढे वजन आहे, त्याला पाण्याचे कलम लिहिता येते, बाहेर पडण्याच्या दारांचे लिहिता येते, दोन कार्यक्रमांमध्ये मंच-कामगाराला किती तास झोप मिळावी, त्याचा विमा कोणी उतरावा आणि त्याचे वेतन कोणत्या तारखेस हाती पडावे, हेही लिहिता येते. मायेचा हात पाठीवरून फिरविणारा कलावंत भला आहेच. पण ती माया जो करारात उतरवील तो अधिक भला, कारण त्याचे मन फिरले तरी कामगार उघड्यावर पडणार नाही. आणि अशी कलमे सर्वच करारांत असावीत, एकट्या-दुकट्या कलावंताच्या मर्जीवर राहू नयेत, यासाठी मंच-कामगारांची संघटना आणि तिच्या पाठीशी कायदा हवा.

हे काम दूरच्या देशांत सुरू व्हावयाचे नाही. गावोगावी उत्सवांत, वाद्यवृंदांच्या रात्री आणि लग्नसमारंभांत मांडव घालणारे, कर्णे बांधणारे, दिव्यांच्या कमानी उचलणारे हजारो तरुण आहेत. त्यांची हजेरी कोठे लागत नाही. उंच शिडीवर चढणाऱ्याच्या कमरेला दोर नसतो. पहाटे दोन वाजता ओल्या जमिनीवरून विजेच्या तारा गुंडाळणाऱ्याच्या पायांत धड चप्पल नसते. कार्यकर्त्यांनी प्रथम यांच्यात जावे, त्यांची नोंद करावी, त्यांच्या अपघातांची माहिती गोळा करावी.

आणि हे करताना स्वतःच्या घराकडेही पाहावे. कामगारांच्या हक्कांवर तीन तास भाषणे झाल्यावर ज्याने त्या भाषणांसाठी ध्वनिक्षेपक लावला त्याला ‘चळवळीचे काम आहे, सांभाळून घ्या’ असे सांगून अर्ध्या पैशांत वाटेला लावण्याचे प्रकार घडत नाहीत असे कोणी छातीठोकपणे म्हणू शकेल काय? पुढली सभा ठरेल तेव्हा वक्त्यांची नावे छापण्यापूर्वी मांडववाल्याशी आणि ध्वनिक्षेपकवाल्याशी लेखी करार व्हावा, त्यात मजुरी, जेवण आणि विमा यांची कलमे असावीत, आणि सभा संपताच त्याच रात्री त्यांचा हिशेब चुकता व्हावा. मोठ्या कलावंताकडे मागावयाचे ते आधी आपल्या मंचावर करून दाखविले, तरच ती मागणी करण्याचा अधिकार पोहोचतो.