खेळ, क्षेपक आणि बंद पेटी

मुलाच्या हातांत पुस्तक दिसलें कीं तें कोणतें आहे हें न पाहतां आनंद मानावयाचा, आणि खेळ दिसला कीं तोही कोणता आहे हें न पाहतां कपाळाला आंठ्या घालावयाच्या, ही आमच्या सुशिक्षित पांढरपेशा वर्गाची जुनी खोड आहे. या खोडीपायीं गतवर्षीं आम्हीं आमच्या भगिनीचे पैसे पाण्यांत घालविले. तेव्हां दुसऱ्यांना चार शब्द सुनावण्यापूर्वीं पहिला फटका स्वतःच्याच पाठीवर घेणें न्यायाचें होईल.

आमची भगिनी कामोठ्यास राहते. दोन खोल्यांचें बिऱ्हाड, त्यांत चार माणसें, आणि मुलगा अकरावींत. त्याच्यासाठीं लॅपटॉप घ्यावयाचें ठरलें, आणि घरांतला शिकलेला वडील माणूस म्हणून सल्ल्याचा मान आमच्याकडे आला. मुलगा म्हणत होता, “मामा, जाड असला तरी चालेल, पण मेमरी मागाहून वाढवितां आली पाहिजे, मला माइनक्राफ्ट मॉड घालून खेळायचा आहे.” आम्हीं तें ऐकून न ऐकल्यासारखें केलें. दुकानदारानें पुढें केलेलें एक सडपातळ, रुपेरी यंत्र आमच्या मनांत भरलें. अभ्यासाला योग्य आणि खेळाला अयोग्य असा त्याचा दुहेरी गुण आम्हीं भगिनीस मोठ्या वक्तृत्वानें पटवून दिला. त्यांत मेमरी अवघी ८ जीबी होती आणि तीही बोर्डावर कायमची सोल्डर केलेली, हें आम्हांस पुढें कळलें.

मॉड म्हणजे मूळ खेळांत खेळणाऱ्यांनींच घातलेली भर. आमच्या भाच्यानें तिघां मित्रांसह कर्नाळ्याचा किल्ला त्या खेळांतल्या चौकोनी ठोकळ्यांतून रचावयास घेतला होता. तो अंगठ्यासारखा सुळका, त्याच्या पायाशीं खोदलेलीं टांकीं, खालचें रान. रानांत पक्षी हवेत म्हणून एक मॉड, पाऊस खरा वाटावा म्हणून दुसरा, असे करतां करतां दीडशेंवर मॉड झाले. एवढा संसार चालवावयाचा तर एकट्या खेळालाच सहा ते आठ जीबी मेमरी तोडून द्यावी लागते. विंडोजचें पोट निराळेंच. आमच्या रुपेरी यंत्रानें पंधरा मिनिटांत मान टाकली. मुलगा आम्हांस एक शब्दही बोलला नाहीं. कांहीं दिवस तो मित्राच्या घरीं जाऊन काम करीत असे. पुढें तेंही थांबलें.

आमचे एक विद्वान् स्नेही म्हणतात, “मूळ खेळ आहे तसा खेळावा, त्यांत ही ढवळाढवळ कशाला?” ज्या भाषेंत मोरोपंतांच्या नांवावर १०८ रामायणें सांगतात, त्या भाषेच्या अभिमान्यानें हा प्रश्न विचारावा याचें आम्हांस नवल वाटतें. महाभारतांत शतकानुशतकें भर पडत गेली, आणि ती निवडून वेगळी काढण्यास पुण्याच्या भांडारकर संस्थेला १९१९ पासून १९६६ पर्यंत काळ लागला. यावर स्नेही एकनाथांना पुढें करतील, हें आम्ही जाणून आहों. नाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तींत कोणीं भर घालूं नये अशी ताकीद दिली, हें खरें. परंतु त्याच नाथांनीं भागवताच्या एका स्कंधावर केवढा ग्रंथ उभा केला! मूळ प्रत निर्मळ राखणें आणि तिच्यावर नवी रचना करणें ह्या दोहोंत विरोध नाहीं. मॉडमध्यें तर मूळ खेळ जसाचा तसा शाबूत राहूं शकतो. उलट, दीडशें मॉडांपैकीं कोणता कोणाशीं भांडतो, कोणता आधीं चढवावा, कोणाची ओळ कोणाच्या ओळीवर मात करते, हें शोधीत बसणारा मुलगा पाठभेदाचेंच काम करीत असतो, आमच्या एम. ए.च्या वर्गांत तें करणारे फार थोडे आढळतात. काउंटर-स्ट्राइक हा जगभर गाजलेला खेळ १९९९ सालीं दोघां तरुणांनीं हाफ-लाइफ या दुसऱ्याच्या खेळावर केलेला मॉड होता. मूळ खेळाच्या कंपनीनेंच तो पुढें विकत घेतला.

आतां दुकानदारीकडे वळूं. “गेमिंग” ही अक्षरें आणि रंगीबेरंगी दिव्यांचा कळफलक यांवरून यंत्राची परीक्षा करणें म्हणजे फेट्यावरून गवयाची परीक्षा करणें होय. नांवांचा तर उघड उघड घोटाळा आहे. एनव्हिडियाची आरटीएक्स ४०७० ही ग्राफिक्स चिप टेबलावरच्या संगणकांत १२ जीबी मेमरी घेऊन येते. त्याच नांवाची लॅपटॉपांतली चिप ८ जीबीवर थांबते, आणि तितकी तर तिच्याहून स्वस्त अशा लॅपटॉपच्या ४०६० लाही असते. त्या ४०६० ला ३५ वॉट वीज द्यावी कीं ११५, हें लॅपटॉप बनविणारा ठरवितो. पहिलीच्या आणि दुसरीच्या कर्तबगारींत मोठें अंतर, पण झांकणावरची चिठ्ठी एकच! स्कायरिमसारख्या २०११ च्या खेळांत आज दगडापासून चेहऱ्यापर्यंत सारें नव्यानें रंगविणारे मॉड घालतात; तेथें चिपच्या या ८ जीबीचीही ओढाताण होते, आणि डिस्कवर शेंदोनशें जीबी हां हां म्हणतां भरतात. त्यांतून खाडीकांठचा मे महिना. सडपातळ यंत्राला आंतली उष्णता बाहेर टाकतां येत नाहीं, मग तें आपण होऊन वेग कमी करतें, आणि मोजलेल्या रुपयांपैकीं निम्मे त्या उकाड्यांतच विरून जातात.

पण आमचा खरा राग या अंगभूत मर्यादांवर नाहीं, झांकणावर आहे. ज्याची मेमरी बदलतां येत नाहीं, डिस्क वाढवितां येत नाहीं, तें यंत्र घेणाऱ्याला कारखानदार सांगतो कीं तुझी गरज आज आहे तेवढीच राहणार. भर घालणाऱ्या मुलाच्या हातीं भर न घेणारी पेटी! ‘आधींच ३२ जीबीचें घ्या’ असें उत्तर मिळतें. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रशाळांनीं बाजारांतली मेमरी ओढून घेतली आणि भाव भडकले, तेव्हां या उत्तरांत अर्थ नाहीं असें म्हणवत नाहीं. तरीही १६ जीबी घालून एक खांच मोकळी ठेवणें हा मध्यम स्थितींतल्या घराला पेलणारा मार्ग आहे. हाच पैसा टेबलावरच्या संगणकांत अधिक काम देईल, हेंही आम्ही मान्य करतों. पण कामोठ्याच्या त्या दोन खोल्यांत टेबल कोठें मांडावयाचें? आणि जाड लॅपटॉप पाठीवर घेऊन मानसरोवर स्टेशनावर सकाळच्या लोकलमध्यें चढणें सुखाचें नाहीं, हें म्हणणाराही खोटें बोलत नाहीं. तीं किलोंची तक्रार आम्ही ऐकून घेऊं. खेळाच्या नांवानें नाक मुरडणें ऐकून घेणार नाहीं.

गेल्या महिन्यांत आम्ही भाच्यासह लॅमिंग्टन रस्त्यावर गेलों. पहिल्या दुकानांत आम्हीं विचारलें, “मेमरीच्या खांचा किती? चिपला वॉट किती?” विक्रेता म्हणाला, “साहेब, दिवे सात रंगांचे आहेत.” आम्ही उठलों. तिसऱ्या दुकानांतल्या मनुष्यानें निर्मात्याचा तपशिलाचा कागद काढून दोन खांचा, डिस्कच्या दोन जागा आणि वॉटांचा आंकडा बोट ठेवून दाखविला. तें यंत्र काळें, बोजड, अडीच किलोंचें आहे, आणि त्याचा चार्जर विटेएवढा. किंमतींतला निम्मा वाटा आम्हीं उचलला. दंड म्हणून तो कमीच झाला. कर्नाळ्याचें काम दुसऱ्या टांक्यापाशीं अडलें होतें. तिघां मित्रांपैकीं एक आतां पुण्यास गेला आहे. त्याला बोलावून पाहतों, असें भाचा म्हणत होता.